तारवटीच्या गाठी

तारवटीच्या खालच्या ओठावर, उजव्या कोपऱ्यात, एक बारीक खाच होती. दाढी करताना कापलं असेल, असं नवख्या माणसाला वाटायचं. पण ती तंगुसाने पडलेली होती. तंगूस म्हणजे मासे गरवण्याचा नायलॉनचा दोरा. तारवटी तो प्रत्येक गाठीसकट ओठांतून ओढून बघायचा. गाठीत टोक उरलं असेल, दोरा कुठे दुखावला असेल, तर त्याला ओठावर कळायचं. "बोट खोटा सांगता, ओठ नाय," असं तो म्हणे. मला त्या खाचेचासुद्धा हेवा वाटायचा, यावरून बाकीचं समजून घ्या.

तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. आमच्या खाडीकाठच्या गावातून तसे बरेच गेले, पण हे नाव चिकटलं ते त्याला एकट्याला. अठराएक वर्षं दर्यावर काढून, कंबर दुखावली म्हणून तो ऐंशी सालानंतर कधीतरी घरी आला. इतरांनी येताना टेपरेकॉर्डर आणले, अत्तरं आणली. याने आणली दोन तुकड्यांची एक लवचीक काठी आणि चाकावर गुंडाळलेली रंगीत, जाड दोरी. कुठल्याशा थंड मुलखातल्या बंदरात बोट दुरुस्तीला महिनोन्महिने अडकली होती, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला पिसाच्या गरीने मासे धरायला शिकवलं होतं. शिसं नाही, सुंगटाचं म्हणजे कोळंबीचं आमिष नाही. गरीला कोंबड्याचं पीस बांधायचं आणि ते पाण्यावर असं ठेवायचं की माशाला वाटावं, काहीतरी जिवंत येऊन पडलं.

पहिल्या दिवशी तो धक्क्यावर उभा राहून काठी मागेपुढे हलवू लागला तेव्हा लोकांना वाटलं, हा कावळे हाकतोय. मीही पोटभर हसलो. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो, आणि शाळा सुटल्यावर खाडीवर गरवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी माझी समजूत होती. माझ्या आधी तो मान आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता. आबांची नजर अधू झाली आणि गरी त्यांनी माझ्या हाती दिली. दिली, पण कधी "बरं जमतंय" म्हणाले नाहीत. मी चोणकासारखा मोठा मासा आणला तरी ते हाताने चाचपून म्हणायचे, "गेल्या वर्साचो मोठो होतो." त्या एका शब्दासाठी मी जन्मभर ताटकळलो, असं म्हटलं तर ते खोटं नाही.

आबा धक्क्याच्या पायरीवर बसत. दिसायचं अंधुक, म्हणून सगळं कानाने बघायचे. माझी शिसं लावलेली गरी पाण्यात पडली की डुबुक असा आवाज व्हायचा आणि आबा नाक मुरडायचे. त्या दिवशी तारवटीची गरी पडली आणि आबा तसेच मान कलती करून बसून राहिले. मग मला म्हणाले, "पडली मा रे? आवाज खंय?" मी म्हटलं, "पडली." आबा म्हणाले, "हात आसा त्येका."

तीन शब्द. त्या रात्री मी अर्ध्या ताटावरून उठलो. बायकोने विचारलं तर भात कच्चा आहे म्हणालो आणि उगाच तिचाही राग ओढवून घेतला.

आवाज न होण्याचं गुपित त्या रंगीत दोरीत नव्हतं, तिच्या पुढे होतं. जाड दोरीला थेट गरी बांधली तर ती धपकन पडणारच. मधे वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून होईल तेवढ्या लांबीचं असं काहीतरी हवं, की जे दोरीपाशी जाड आणि गरीपाशी केसासारखं बारीक होत जाईल. गावाने त्याला शेपूट म्हटलं. परदेशात ते विकत मिळे म्हणे. इथे कोण देणार? तारवटी मालवणातून वेगवेगळ्या जाडीच्या तंगुसाची पाच-सहा रिळं घेऊन आला आणि ओटीवर बसून तुकडे जोडायला लागला. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवायची, एकाला दुसऱ्याचे पाच वेढे द्यायचे, शेंडे मधल्या फटीतून काढायचे, थुंकी लावायची आणि हळू ओढायचं. गाठ तिळाएवढी होऊन बसे. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिमटीत धरून सबंध शेपूट त्यातून ओढायचं, म्हणजे रिळावरची वळणं जातात आणि ते सरळ लोंबतं. गाठ मारताना तो तिच्याकडे बघत नसे. खाडीकडे बघत गप्पा मारायचा आणि बोटं आपली कामाला.

मापाची त्याची एक खोड होती. फूट-इंच त्याला चालायचे नाहीत. "काठी ज्येच्या हातात, माप त्येच्या हाताचा." जाड तुकडा त्या माणसाच्या खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, पुढचा कोपरापासून, मग वीत, मग चार बोटं, आणि शेवटचा बारीक तुकडा छातीभर. ज्याला शेपूट हवं त्याने त्याच्यापुढे हात पसरून उभं राहायचं. शिंप्याकडे राहावं तसे गावचे बाप्ये त्याच्या ओटीवर रांगेने उभे राहिलेले मी पाहिले आहेत. मलाही तो म्हणाला, "मास्तर, येवा, हात दाखवा." मी म्हटलं, मला गरज नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. मनात मात्र अरे-तुरेच्याही खाली उतरलो होतो.

गरज नाही म्हणालो, आणि घरी येऊन दार लावून शेपूट करायला बसलो. शाळेतली फूटपट्टी घेतली. तुकडे अगदी काटेकोर कापले. गाठी मारल्या त्या कोरड्याच ओढल्या, कारण थुंकी लावणं मास्तराला शोभत नाही. दुसऱ्या दिवशी एक बांबू घेऊन खाडीच्या पार वरच्या टोकाला गेलो, जिथे कोणी येत नाही. तिथेही आबा काठी टेकत मागून आलेच. माझं शेपूट पाण्यावर गोळा होऊन पडलं. आबांनी विचारलं, "काय पडला रे? नारळ?"

आबांचा दिवस आता तारवटीच्या ओटीवर उजाडू लागला. बायकोसुद्धा त्याला आमच्या कोंबड्याच्या मानेची पिसं कागदात बांधून द्यायची. म्हणजे गरीवर पीस आमचं, पायरीवर बाप आमचा, आणि कौतुक मात्र त्याचं! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खरं. आणि तो माणूस वाईट असता तर मला बरं वाटलं असतं. तो आबांना हाताला धरून घरी पोचवायचा आणि धरलेल्यातला एक मासा निमूट आमच्या पडवीत ठेवून जायचा. तो मासा मी जेवायचो. चवीला बरा असायचा, हेही सांगायला हवं.

मग एका उधाणाच्या आदल्या दिवशी आबा जेवताना म्हणाले, "उद्या मी काठी धरतंय. तारवटी माझ्या हाताचा शेपूट करून देता हा." पाच वर्षांत आबांनी गरीला हात लावला नव्हता. मी किती वेळा म्हटलं होतं, आबा, बसल्या बसल्या नुसतं धरा. कधी धरली नाही. आणि आता याच्यासाठी ते पसरलेल्या हातांनी उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरावरून गेलो. तो मागीलदारी हात धूत होता. ओटीवरच्या खुंटीला ते शेपूट टांगलेलं होतं आणि सरळ व्हावं म्हणून खाली एक गोटा बांधलेला. माझ्या सदऱ्याच्या खिशात पेन्सिली कोरायचं ब्लेड असायचं. मी तिसऱ्या गाठीलगतचा दोरा अर्ध्यापर्यंत कापला. माझा हिशेब साधा होता. आबांच्या हाती काठी देण्याआधी तारवटी स्वतः दोनचार वेळा फेकून बघणार, शेपूट सगळ्यांच्या देखत तुटणार आणि त्याचं हसं होणार.

पण संध्याकाळी धक्क्यावर आबा घाईला आले होते. "आता भरती सुटतली, दी हकडे," म्हणत त्यांनी काठी ओढूनच घेतली. तारवटीला ओठांतून दोरा ओढायलाही सवड मिळाली नाही. तिसऱ्याच फेकीला पाणी फुटलं आणि काठी वाकली. तांबोसा होता, मोठा. वळताना त्याची लाल कूस आम्हाला दिसली. आबा पायरीवर उठून उभे राहिले आणि हसायला लागले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "धरलंय रे, धरलंय!" असं ते ओरडत होते, आणि मी शेजारी उभा राहून, देवा, दोरा टिकू दे, म्हणत होतो. तो टिकला नाही.

आबांनी दोरा हाताहाताने मागे घेतला, टोक चाचपलं. तोंड एवढंसं झालं होतं. "गाठ गेली तुझी," ते तारवटीला म्हणाले. तारवटीने टोक घेऊन ओठांतून ओढलं आणि तो थांबला. सुटलेल्या गाठीच्या टोकाला पीळ राहतो, ताणून तुटलेला दोरा ओरखडल्यासारखा होतो. ब्लेडने कापलेली बाजू गुळगुळीत असते. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, खिशाकडे. मग आबांना म्हणाला, "होय आबानू. गाठ माझीच कच्ची रवली."

आबा पुन्हा त्याच्या ओटीवर गेले नाहीत. ते परत माझ्या मागे येऊन बसू लागले, डुबुक ऐकू लागले, आणि एकदा चक्क म्हणाले, "तुझो दोरो तुटणा नाय, ता बरा." माझ्या पदरात पडलेलं हे पहिलं कौतुक. ते कशाच्या बदल्यात पडलं, हे गावात दोघांनाच माहीत होतं, आणि दुसरा कधी चकार शब्द बोलला नाही. रस्त्यात भेटला की "काय मास्तर, बरा मां?" म्हणून पुढे जायचा. त्याने चारचौघांत माझा गळा धरला असता तर मी त्याला विसरू तरी शकलो असतो.

पुढच्या वर्षी आबांनी अंथरूण धरलं. तारवटी बघायला आला. आबा त्याला म्हणाले, "तू माणूस बरो रे, पण गाठीत कच्चो. आमच्या ह्या झिलाकडसून शिकून घे." झील, म्हणजे मी, पायाशी बसलो होतो. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तारवटी म्हणाला, "शिकतंय, आबानू." महिन्याभराने आबा गेले. कंबर बरी झाल्यावर तारवटी पुन्हा बोटीवर गेला, तो गावाला परत दिसला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला थांबायचंय ते त्या भेटीच्या दुसऱ्या सकाळी.

मला वाटलं होतं, आजाऱ्याचं मन राखायला तो तसं बोलला असेल. पण सकाळी तो रिळं घेऊन आमच्या ओटीवर हजर झाला. आतल्या खोलीत आबा जागे होते, मधलं दार उघडं होतं. "शिकवा, मास्तर," तो मोठ्याने म्हणाला, आणि दोन तुकडे माझ्या हातात दिले. मला ती गाठ धड येत नव्हती. त्याने आवाज न करता माझी बोटं धरली, एकेक वेढा माझ्याच बोटांनी घालून घेतला, थुंकी लाव म्हणून ओठाला बोट लावून दाखवलं, आणि गाठ बसली तेव्हा आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "आता समाजला, मास्तर!"

आतून आबांनी क्षीण आवाजात विचारलं, "शिकवता मां बरो?"

"बेस शिकवता, आबानू."

"मगे!" आबा म्हणाले. "झील कोणाचो? हात आसा त्येका."

मी मान वर केली नाही. तारवटीने पुढचे दोन तुकडे उचलून माझ्यापुढे धरले होते.