दुसऱ्या मजल्यावरचा सरदार

शहराच्या गारखेडा भागात दुसऱ्या मजल्यावर वळू पाळणारी बाई एकच, आणि ती माझी सख्खी आत्या. लासूर स्टेशन गावातल्या शेतावरचा तिचा देवणी जातीचा वळू सरदार म्हातारा झाला, तेव्हा टेम्पोत त्याच्याशेजारी उभी राहून तिनं त्याला सरकारी केंद्रावर नेलं, त्याचं वीर्य गोठवून घेतलं आणि त्या काडीएवढ्या नळ्या नायट्रोजनच्या टाकीत घालून थेट आपल्या बैठकीच्या खोलीत आणल्या. केंद्रातच राहू द्या म्हणणाऱ्या साहेबाला म्हणाली, "सरकारी कपाटात ठेवलेलं कुणाला सापडलंय का आजवर?" पुढं सरदार गेला, टाकी राहिली. शुद्ध देवणी गाय भेटली की एक नळी काढायची आणि सरदारचा वंश पुढं न्यायचा, एवढाच तिचा हट्ट.

टाकीवर सरदारची झूल असे. पाहुणा आला की आधी ओळख, "हे आमचे सरदार." टाकीकडं पाठ करून बसलेल्या व्याह्यांना तिनं उठवून दुसरीकडं बसवलं होतं. झाकण कधी घट्ट लावायचं नाही, कारण आतला वायू कोंडला तर टाकी फुटते; आत्याच्या भाषेत, "सरदारला श्वास लागतो." नायट्रोजन उडून जातो, म्हणून टाकी रिक्षात घालून ती उस्मानपुऱ्यातून भरून आणायची. "भाई, धीरे. अंदर जनावर है." रिक्षावाला बिचारा सारखा मागं वळून बघायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्फोटाचं नाव काढलं, तर म्हणाली, "तुमच्या सैपाकघरात गॅसची टाकी हाय, त्यात काय पेढे भरलेत व्हय?"

मला ती 'जर्सी' म्हणायची. का, ते आता सांगूनच टाकतो. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. जास्त दुधाच्या परदेशी जर्सी संकराचा प्रचार करत मी लासूर भागातला गोठान् गोठा फिरलो आणि गावोगावचे देवणी गोऱ्हे खच्ची केले. लोकांनी ऐकलं. आत्यानं दारात काठी आडवी धरली. "सरदारला हात लावलास तर नातं इसरंन मी! समदी जनावरं एका जातीची करा, अन् एक रोग आला की समदीच पुरा!" पुढं उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या संकरित गाई बघितल्या, तेव्हा तिचं खरं होतं हे मला कळलं. पण बोललो नाही. न बोलणं हा माझा स्वभावच.

त्या स्वभावानं एकदा घात केला. सरदार गेल्यानंतरचा पहिला पोळा. आत्यानं टाकीला बाशिंग बांधलं आणि ओवाळायच्या वेळी नळ्यांचा एक डबा टाकीतून पार बाहेर काढला. "तोंड बघितल्याबिगर ओवाळू कशी?" पांढरी वाफ उठली, निरांजन फिरलं, सुनांनी हळदकुंकू वाहिलं. उघड्यावर त्या नळ्या बघता बघता वितळतात आणि कामातून जातात, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आत्याचा उजळलेला चेहरा बघून माझं तोंड उघडेना. उघडलं तोवर उशीर झाला होता.

"आत्या, ह्या नळ्या गेल्या."

तिनं ताट खाली ठेवलं, टाकीत डोकावून बघितलं. मग म्हणाली, "आत अजून डबा हाय का?"

"आहे एक."

"मंग रडतो कशाला? अर्धा सरदार हाय की अजून!" आणि नैवेद्याच्या पोळीचा पहिला घास मला भरवला. "खा, जर्सी. अन् पुढल्या टायमाला आधी बोल."

आत्याला हल्ली माणसं आठवत नाहीत. मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला, टाकी माझ्याकडं आली. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या बैठकीत ती हलवण्याचा विषय निघाला, आणि मी उठलो. "ह्या भागातले देवणी वळू संपवणाऱ्यांतला मी एक आहे. एक उरलाय. लासूरला एका देवणी गाईला त्याच्या नळीतून झालेली कालवड नुकती उभी राहिलीय. तो इथंच राहील. हलवायचं असेल तर आधी मला हलवा."

रात्री आत्याला फोन केला. "आपण कोण?" तिनं विचारलं. जन्मात तिनं मला 'आपण' म्हटलं नव्हतं.

"जर्सी बोलतोय, आत्या."

ती हळूच म्हणाली, "झाकण घट्ट लावू नको, बाबा. त्याला श्वास लागतो."