खोलीला आलेलं स्थळ

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सभेची, मोर्च्याची, संपाची. मी वाचायला शिकलो तो त्यांवरच. काही पत्रकांच्या पाठीवर गाणी छापलेली असत. ती लिहिणारा शाहीर सोलापुरातच एका गिरणीत मागावर होता आणि गिरणीमागच्या चाळीत राहत होता. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच तो वारला.

लोकांनी त्याची खोली बघायला यावं, असं माझ्या मनानं घेतलं. राजांचे किल्ले बघायला सहली जातात, मग ज्या खोलीत अख्ख्या गिरणीचं गाणं जन्मलं तिथं का जाऊ नये? वाचनालयाच्या चिटणीसांना मी हे किती वेळा सांगितलं असेल! ते चष्मा पुसत म्हणायचे, "तिथं काय दाखवणार रे? नळावरची भांडणं?"

मी हट्ट सोडला नाही. शेवटी पुण्याहून एक निवृत्त मास्तर आणि त्यांचे तीन विद्यार्थी यायला तयार झाले. शाहिराची बायको आणि लेक अजून त्याच खोलीत होत्या. मी शेजारणीपाशी निरोप ठेवला, "रविवारी पुण्याची माणसं बघायला येणार आहेत, मावशींना सांगा."

रविवारी गेलो तर दारात सडा-रांगोळी, आत मागून आणलेल्या खुर्च्या, आणि सगळी चाळ दाराखिडक्यांत. आम्ही टेकतो न टेकतो तोच लेक डोक्यावर पदर घेऊन पोह्यांच्या बशा घेऊन आली. मावशींनी तिघा पोरांवरून नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "ह्यातला नवरा मुलगा कुठला म्हनायचा?"

मी बशी खाली ठेवली. "मावशी, आम्ही शाहिरांची खोली बघायला आलोय."

खिडकीत शेजारीण फिसकन हसली. "अगं बया, खोलीला स्थळ आलंय की!"

मावशींचा चेहरा उतरला. चाळभर त्यांनीच सांगितलं होतं. उद्या नळावर त्यांना उभं राहायचं होतं, मला नव्हे. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं असतं तरी मी एक शब्द बोललो नसतो.

लेकीनं मात्र डोक्यावरचा पदर मागं टाकला. "बरं झालं की. न्हाईतर चालून दाखव म्हनाले असते." तिनं भिंतीवरच्या फळीवरची भांडी बाजूला सारली. "हितं कागद ठेवून अण्णा लिहायचे. उभ्यानंच. मागावर उभं राहून राहून बसून सुचायचंच न्हाई त्यांना."

मास्तर उठून फळीपाशी गेले. पोरंही उठली. खुर्च्यांवर कुणी उरलं नाही.

मावशी ते बघत राहिल्या. मग खिडकीशी जाऊन शेजारणीला म्हणाल्या, "हसतीस काय? पुण्यास्नं मानसं आलीत आमच्या मानसासाठी. ये, तूबी बघ."

"मी काय बघायचं? रोज बघतीय की."

"रोज भांडी बघतीस. आज फळी बघ."

शेजारीण आली. तिच्यामागं तिचा नवरा, मग पलीकडचे. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा उरलेले पोहे लेकीनं खिडकीतूनच बाहेर द्यायला सुरुवात केली.