मुरलीधरनं न टाकलेलं फडकं

२००६ सालचा मे महिना, तरी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमवर सकाळपासून बारीक झिमझिम लागलेली. मुरलीधर देऊळकर चिखलात वाकून मैदानाच्या कोपऱ्यांवर नारिंगी खुणा मांडत होता. आठवडाभर इस्पितळातल्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि रविवारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट चढवून अमेरिकन फुटबॉलची पंचगिरी करायची, हा त्याचा सात वर्षांचा नेम.

अमरावतीचा हा गडी नियमांचं पुस्तक बसमध्ये पोथीसारखं वाचायचा. त्यात एक कोपऱ्यातला नियम होता : चेंडू घेऊन पळणाऱ्याला त्याच्याच गड्यानं धरून पुढं ओढायचं नाही. टीव्हीवर अमेरिकेतले पगारी पंचसुद्धा तो एखाद्या वेळी लावायचे, एरवी खुशाल कानाडोळा करायचे.

पहिल्या अर्ध्यात पाहुण्या संघानं असंच ओढलं आणि मुरलीधरनं नियम मोडल्याची खूण म्हणून कमरेचं पिवळं फडकं भिरकावलं. पाहुण्यांचे गुण गेले. "हा नियम आठवणारा तू पहिलाच!" मुख्य पंच ग्रॅहम म्हणाला. मुरलीधरची छाती फुगली.

मध्यंतराला वीणावहिनींनी हाक मारली. त्यांचा मुलगा प्रणव यजमान संघात, म्हणून महाराष्ट्र मंडळाची दहा-बारा माणसं छत्र्या घेऊन आलेली.

"भाऊजी, दोन घास खा. पंचाला काय उपास असतो?"

पंचानं कुणाच्या डब्याला हात लावायचा नसतो. पण वहिनींना नाही कसं म्हणायचं? उभ्याउभ्या त्यानं साबुदाण्याची खिचडी संपवली.

शेवटच्या मिनिटाला प्रणवनं आपल्या गड्याला जर्सी धरून रेषेपार ओढलं. अगदी मुरलीधरच्या पुढ्यात. हात फडक्यावर गेला. मागून वहिनी ओरडल्या, "भाऊजी, गुण झाले ना?" आणि हात तिथंच अडला. मग त्यानं दोन्ही हात वर केले. गुण मंजूर. यजमान जिंकले.

पाहुण्यांचा कप्तान तोंडावरचा चिखल पुसत आला. "आम्हाला लावलास तो नियम मध्यंतरानंतर बदलला का?"

"मला दिसलं नाही," मुरलीधर बुटांकडं बघत म्हणाला.

तो गेला, तोच प्रणव आपलं मोडकंतोडकं मराठी घेऊन आला. "काका, यू सॉ इट, आय नो! तुमची हात पण गेली होती. लेजंड!"

ते लेजंड त्याला शिवीसारखं लागलं.

घरी बायकोनं, सुचेतानं दार उघडलं. "काऊन जी, तोंड काऊन उतरलं? आपले हरले का?"

"आपले कोण?" तो खेकसला. मग खाली बसून सगळं सांगितलं, खिचडीसकट.

"मंग मले काय सांगता? त्या ग्रॅहमले सांगा."

त्यानं फोन लावला. "मी बघितलं होतं. ओळखीचा पोरगा होता, म्हणून सोडलं."

ग्रॅहम हसला. "अरे, तो नियम कोण लावतं? मीही सोडला असता. झोप शांत."

"पण त्यांना मी लावला होता."

"विसर रे," म्हणून ग्रॅहमनं फोन ठेवला.

शिक्षाही मिळाली नाही. मुरलीधर रिसीव्हरकडं बघत राहिला. सुचेतानं मेथीची जुडी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं दोरा सोडला आणि पानं खुडायला घेतली.