डोळ्यांखालचा बाम

शेंद्र्यातल्या आमच्या कारखान्यानं स्वतःचे ट्रक विकले आणि बाहेरचा ट्रान्सपोर्टर निवडायचं काम माझ्यावर आलं. आमचे सुटे भाग चेन्नईला उशिरा पोचले, तर तिथल्या कारखान्याची लाइन थांबणार आणि माझी नोकरी जाणार. या धास्तीनं मी सगळ्यांत कमी तासांत माल पोचवायचं कबूल करणारा ट्रान्सपोर्टर निवडला.

पहिल्या गाडीवर सिल्लोडकडचा, पन्नाशीचा एक ड्रायव्हर एकटाच आला. ताडपत्रीची प्रत्येक गाठ तो दोनदा ओढून बघत होता. शेवटची गाठ झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "साहेब, माल तिथं कवा पायजे?"

"परवा सकाळी सहाला."

त्यानं खिशातून बामची डबी काढली आणि भर दुपारी दोन्ही डोळ्यांखाली बोट फिरवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"डोळे दुखतात का, चाचा?"

"नाय साहेब. सहा म्हनलात ना. आता झोपून चालायचं नाय."

गाडी दहा मिनिटं आधीच पोचली. कारखान्यातल्या मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. तेव्हापासून गाडी गेटबाहेर पडताना मी कागद बघतो, ताडपत्री बघतो. ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघायचं मात्र टाळतो.