परांचीवरून पडलेल्या मुलाचा जबाब

सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या वॉर्डात एका जखमी मुलानं सांगितलेली हकिकत मी अजून विसरू शकलेलो नाही. पोलिसांतल्या नोकरीत जबाब पुष्कळ नोंदवले. तिथं मात्र हातातला पेन तसाच राहिला होता. कुणाचंही नाव इथं घेत नाही; त्यातली बरीच माणसं हयात आहेत.

दुष्काळाचा काळ होता. कन्नड-सोयगावच्या डोंगरपट्ट्यात हिवाळ्यातच टँकर सुरू झाले होते. तिकडच्या भिल्ल वस्त्यांतली तरुण मुलं कामाला औरंगाबादेत येत होती. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. माझ्या हद्दीत बीड बायपासच्या अंगाला, जिथं पूर्वी बाजरी उभी असायची तिथं इमारती चढत होत्या. ही मुलं बांबूच्या परांचीवर चढून काम करायची, आणि पडायची. दवाखान्यातल्या पोलीस चौकीकडून ठाण्यात खबर यायची आणि ठाणे अंमलदार डायरीत नोंद घ्यायचा, 'दारूच्या नशेत तोल जाऊन पडला.' नोंद खोटी नसायची. तोंडाला वास असायचाच. त्यामुळे पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे.

एका सकाळी एक तरुण बाई ठाण्यात आली. हात सिमेंटनं पांढरे झालेले. बस म्हटलं तरी बसली नाही.

"माझा भाऊ काल पडला साहेब. तुमच्या माणसांनी लिवलंय, पिऊन चढला."

"प्यायला होता की नव्हता?"

"व्हय, पिला व्हता. पर पिऊन चढला नाय. त्याला पाजून चढवला."

कुणी पाजलं, हे विचारल्यावर ती दाराकडं बघायला लागली. तिचा नवरा अजून त्याच इमारतीवर काम करत होता. काम गेलं तर गावाकडं पाणीसुद्धा नव्हतं. आणखी काही न सांगता ती निघून गेली.

मी मुकादमाला बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात अदब. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यानं सुरुवात केली. "क्या बोलूं साहेब, ही जमातच पिणारी. लाख समजावलं, ऐकत नाहीत."

"मी दारूचं अजून काही विचारलेलंच नाही," मी म्हणालो.

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देणारा माणूस काही तरी झाकत असतो, हे मी बऱ्याच चौकशांत पाहिलं आहे. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मजुरांच्या झोपड्यांची झडती घेतली. एकही बाटली मिळाली नाही. मजुरांना विचारलं तर सगळ्यांच्या माना खाली. मुकादमाला सोडावं लागलं.

यात आठवडा गेला; आता उरला तो मुलगा. विशीतला. उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला होता. त्या वॉर्डच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या, सडेतोड बोलणाऱ्या.

"जबाब द्यायला तो सक्षम आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याशी बोलणार नाही. दुपारी या. ड्रेसिंग आटोपलं की मी या पोरांना एकत्र बसवते. गेल्या वर्षी जोडलेली हाडं यंदा परत मोडून येतात, म्हणून हे सुरू केलंय."

दुपारी गेलो. दारू पिऊन जखमी झालेली तरुण मुलं, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी खाटेवर. बाईंनी स्टूल ओढलं. "हे पोलीस साहेब आहेत. तुम्हाला नको असतील तर ते जातील."

पाय गेलेल्या मुलानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बसू द्या."

बाईंनी भाषण केलं नाही, की त्या कुणावर रागावल्या नाहीत. दारू रक्तात गेली की तोल कसा जातो, डोळ्याला अंतर कसं चुकीचं दिसतं, हे साध्या शब्दांत सांगितलं. मग प्रत्येकाला एकच विचारलं, "त्या दिवशी नाही म्हणता आलं असतं, अशी वेळ कोणती होती?"

जबडा बांधलेला एक जण कसाबसा बोलला, "मला कुणी पाजली नवती. मीच पिलो आन् गाडी काढली." वॉर्डात कुणी हसलं नाही.

मग पाय गेलेला मुलगा बोलायला लागला.

"आमच्याकडं देवाला मोहाची धार देत्यात, सणाला घोटभर घेत्यात. ही तसली नाय. सकाळी वर चढायच्या आधी मुकादम दुसऱ्या मजल्यावर उभा ऱ्हातो. कॅन तिथंच, सिमेंटच्या गोण्यांमागं. म्हणतो, 'घे, भ्या जातं.' घेतली नाय तर त्या दिवशी काम नाय. कमरेला बांधायचा पट्टा मागितला तर हसतो. बाई, माजं भ्या खरंच गेलं. भ्या असतं तर मी बांबू धरला असता."

त्याच्या आवाजात रड नव्हती, रागही नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या पोराला समजावं, एवढ्यासाठी तो सांगत होता. त्याच दिवशी बाईंच्या समक्ष त्याचा रीतसर जबाब नोंदवला. सही केल्यावर तो म्हणाला, "साहेब, माजा दाजी अजून वर चढतोय. आमची समदी पोरं हितं आणा. एकदा बघू द्या."

दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन सकाळच्या कामाच्या वेळीच छापा घातला. दुसरा मजला, सिमेंटच्या गोण्या, मागं हातभट्टीचा कॅन आणि एक मग. मुकादम तिथंच उभा होता. त्याला ताब्यात घेतलं, मुद्देमाल सील केला. 'पट्ट्यांचा खर्च वाचतो, कामही झरझर होतं,' असं तो बोलून गेला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण जप्ती आणि जबाब पुरेसे होते.

मजुरांना मी ठाण्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. अटकच झाली असं समजून पोरं भेदरली होती. वॉर्डात शिरल्यावर खाटेवरच्या मुलानं स्वतःच्या हातानं चादर बाजूला केली. कुणाला बघवेना.

"बघा," तो म्हणाला. "मी देवाची धार सोडा म्हणत नाय. पर ज्या दिशी जमिनीवरून पाय उचलायचा, त्या दिशी थेंब नाय."

त्याच्या दाजीनं विचारलं, "आन् काम नाय दिलं तर?"

"एकट्याला नाय देणार. समदे मिळून खाली बसा. मग इमारत कोन बांधनार?"

त्याची बहीण दारात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला.

थोड्याच दिवसांनी त्या इमारतीच्या ठेकेदाराचा फोन आला. मजुरांनी काम बंद पाडलंय, बंदोबस्त द्या म्हणाला. गेलो. इमारतीच्या पायाशी सगळे ओळीनं बसलेले. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. दाजी उठून म्हणाला, "साहेब, आमी पिलेलो नाय. पट्टे द्या, आत्ता चढतो." एकाच्याही तोंडाला वास नव्हता. बंदोबस्ताची गरज नाही, असं मी ठेकेदाराला सांगितलं आणि तिथंच थांबून राहिलो. ऊन उतरायच्या आत पट्टे आले.

खटला रेंगाळत चालला. मुकादमाला शिक्षा झाली, पट्टे न दिल्याबद्दल आरोपी केलेला ठेकेदार मात्र वकिलाच्या जोरावर सुटला. ही बातमी सांगायला मी दवाखान्यात गेलो, कारण तो मुलगा आता तिथंच भेटायचा. बाईंनी त्याला नव्या जखमी पोरांशी बोलायच्या कामावर घेतलं होतं. नकली पायावर तो वॉर्डभर फिरायचा.

भीतीचा धाक घालून गुन्हे थांबतात, असं शिकूनच मी खात्यात आलो होतो. या मुलानं मला भीतीची दुसरी बाजू दाखवली. माणसाची भीती काढून घेणं हाही गुन्हा असतो, आणि ती त्याला परत देता येते, हे मी त्या वॉर्डात पाहिलं. वर्दीतल्या कुणालाही ते जमलं नसतं.

ठेकेदार सुटल्याचं त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपली पोरं चढताना शुद्धीत असत्यात ना?"

"असतात," मी म्हणालो.

"मग झालं," असं म्हणून तो नुकत्याच आणलेल्या एका पोराच्या खाटेकडं वळला. पोरगा भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यानं स्टूल ओढलं, नकली पाय सरळ केला आणि हळूच विचारलं, "तू कोन्या गावचा रं?"