पैलवानाच्या पोटऱ्या

माझ्या नातवाच्या पोटऱ्या लहानपणापासून टणक आणि भरलेल्या. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाला कुस्तीचं वेड. इथे पोराचं तोंड नंतर बघतात, पोटऱ्या आधी. माझे धाकटे दीर तालमीचे वस्ताद. त्यांनी पोराची पोटरी दाबून पाहिली आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "वहिनी, ह्यो जत्रंत कुस्ती मारनार!" पोर तेव्हा दुसरीत होतं.

तेच पोर जमिनीवरून उठताना हात आधी गुडघ्यावर ठेवायचं, मग मांडीवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहायचं. दीर म्हणाले, आळस आहे. त्यांनी बैठका वाढवल्या. पोर संध्याकाळी पाय धरून रडायचं, सून तेल लावायची आणि गप्प बसायची. मी नाही बसले. नगरला दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला धाडलं. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचा आजार आहे, जन्मापासूनचा, वाढत जाणारा. पोटऱ्या ताकदीनं भरलेल्या नाहीत. मरत्या स्नायूच्या जागी चरबी साठते आहे.

माझ्या भावाची मुलगी पुण्यात प्रयोगशाळेत असते, सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूच बघते. मी चौथी शिकलेली. तिला म्हटलं, मला कळेल असं सांग, नाहीतर सांगू नको.

तिने मोबाईलवर चित्र दाखवलं. काळ्यावर हिरव्या रेघा, उभ्या आणि आडव्या.

"आत्या, हा स्नायूचा एकच तंतू. त्याच्या सालीखाली अगदी बारीक नळ्यांचं जाळं असतं. दुसऱ्या बऱ्याच पेशींत या नळ्या एका मध्यातून फुटतात. स्नायूत तसा एक मध्य नसतो. एका तंतूत केंद्रकं पुष्कळ, कडेकडेला बसलेली. त्यांच्या भोवतीनं आणि मधल्या बारीक ठिपक्यांपासून नळ्या निघतात."

"बाजेसारखं विणलेलं दिसतंय."

"हो. आणि हे आजारी."

दुसऱ्या चित्रात रेघा कमी नव्हत्या. पण वीण गेली होती, आडव्या रेघा कुठेही तिरप्या पळत होत्या.

"हा उंदराचा स्नायू आहे," ती म्हणाली. "पण आपल्या पोरात जे प्रथिन नाही, तेच या उंदरातही नाही. ते सालीला आतून आधार देतं आणि आडव्या नळ्यांना वाट दाखवतं."

मी म्हटलं, "बाजेला झोळ पडला की आम्ही पायथ्याची दोरी ओढतो. ताठ होते. मग माझे दीर बैठका घेऊन तेच तर करतायत."

"नको, आत्या. बाज एकदा विणली की झाली. या नळ्या सारख्या मोडतात, सारख्या नव्यानं वाढतात. वाट दाखवणारंच नसेल तर ओढून सरळ कशा होतील? आणि साल कच्ची आहे, जोर लावला की फाटते. बैठका बंद कर."

"जाळं सरळ केलं तर पोर बरं होईल?"

"ते अजून कुणालाच सांगता येत नाही."

खोटा धीर दिला नाही, म्हणून मी तिचं ऐकलं.

घरी येऊन दिरांना सांगितलं, पोर तालमीत येणार नाही. ते हसले. "उंदराचं फोटू बघून? वहिनी, जत्रंची कुस्ती ठरलीय."

जत्रेच्या आदल्या दिवशी रानातून आले तर पोर घरात नव्हतं. सून म्हणाली, "आत्याबाई, धाकलं मामंजी घिऊन गेलं. मी नगं म्हनले हुते."

आमच्याकडे बाई तालमीत पाय ठेवत नाही. मी चपला बाहेर काढल्या, तेवढा मान ठेवला, आणि आत गेले. पोर लंगोट लावून मातीत बसलं होतं.

"वहिनी! बाईमानूस आत येत न्हाई!"

"आले की."

"माती बाटली!"

"मग बदला. माती बदलता येती, भावजी. पोराची साल बदलता येत न्हाई."

नातवाला म्हटलं, "ऊठ. तुला येतं तसं ऊठ." त्याने हात गुडघ्यावर ठेवला, मग मांडीवर. पैलवान पोरं हसायला लागली. "म्हातारं उठलं रं!"

"हसा," मी म्हटलं. "तुमच्यातलं कोन सोताच्या अंगावर चढून उभं ऱ्हातंय, ते दावा."

एकजण तरीही हसला. हसू दे. मी पोराला घेऊन आले. जत्रेत त्याने कुस्ती धरली नाही, भजी खाल्ली.

दिरांनी माती खरंच बदलली. नव्या मातीत हळद, ताक, तेल घातलं. पोराचे पाय पुढे चालणार नाहीत, हे मला कुणी गोड करून सांगायची गरज नाही. पण कुस्ती बघायला त्याला आवडतं. म्हणून परवा मी सुनेला बाजेचं एक टोक धरायला लावलं, दुसरं मी धरलं, आणि बाज थेट तालमीत नव्या मातीच्या कडेला टाकली. पोराला मधे बसवलं. दीर येऊन पुढ्यातच उभे राहिले.

"सरका जरा, भावजी," मी म्हटलं. "त्याला दिसत न्हाई."