कानातला फाया आन् बिजलीची कांडी

आपल्या हातानं आपला पोपट कसा करून घ्यावा, ते माझ्याकडनं शिका. आरं, आत्ताच हसू नगा! आधी चा तरी येऊ द्या.

लढाई सपली आन् मी पलटणीतनं शिराळ्याला घरी आलो. छाती ही एवढी! पर डोस्क्यावर बघाल तर सारवलेलं खळं. आईनं उंब्रजची पोरगी, हौसा, बघायचं ठरवलं. बघायला जाताना फेटा असतोय, त्याचा घोर न्हवता. पर हळदीला? तवा नवऱ्याचं डोस्कं उघडंच की! समदं गाव बघणार. माझी झोपच उडाली.

तवर कळलं, सांगलीत एक डॉक्टर बिजलीनं केस उगवतोय. उंब्रजला जायच्या आदल्या दिवशीच नटूनथटून तिकडं गेलो.

डॉक्टरांकडं काचेची कांडी व्हती. बटण दाबलं की आत जांभळा उजेड, आन् तडतड!

"रेडिओच्या लाटांसारखीच ही वीज. मुळांना जाग येते. डोक्याला तेल, स्पिरिट काही लावलंय?"

"काय बी न्हाई जी!"

खोटं कुठं बोललो? डोस्क्याला न्हवतंच. पलटणीतनं आणलेल्या स्पिरिटाच्या सेंटात भिजवलेला कापसाचा फाया कानात व्हता. कान काय डोस्क्यात धरायचा व्हय? तुमीच सांगा!

कांडी टाळूवर फिरली. लय ग्वाड गुदगुल्या! मंग ती डाव्या कानाकडं आली, ठिणगी उडाली आन् भप्पकन फाया पेटला.

"आवं डॉक्टर, पेटलो!"

"हलू नका!"

हलू नका? मी खुर्चीसकट दारात! त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. कान वाचला, पर डावी भुवई जळून गेली.

दुसऱ्या दिवशी उंब्रजला फेटा पार डाव्या डोळ्यावर ओढून बसलो. हौसाचे वडील, आबा, माझ्याकडं बघतच ऱ्हायले. मंग त्यांनी हळूच इचारलं,

"लढाईत?"

मला वाटलं, लढाईत व्हतो का इचारत्यात. "व्हय आबा, लढाईत."

झालं! आबांनी शेजारीपाजारी गोळा केले. "बघा रं, देशावरनं डोळा ओवाळून आलाय गडी!" म्हाताऱ्या माझ्यावरनं हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडाय लागल्या. तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. आता काय करू? फेटा ठेवला तर काणा, काढला तर टकल्या!

तेवढ्यात पोह्यांची ताटली ठेवता ठेवता हौसा हळूच म्हणाली, "आबा, डोळा नसला तरी मला चालंल."

गड्यांनो, असल्या पोरीला फसवायचं? म्या फेटाच काढला. डोळं दोन, भुवई एक, केस न्हाईत. कांडीपास्नं फायापातुर समदं सांगून टाकलं.

आबा म्हणाले, "डोळा गेलेला जावई केला असता रं. अक्कल गेलेला कसा करू?"

हौसा पदरात हसत बोलली, "करा आबा. माझी हाय की, दोघास्नी पुरंल."

हळद लागली, टकलावरच लागली, आन् माझं लय चांगलं झालं बघा. तवापासनं घरात अक्कल तिचीच चालती. आन् सणासुदीला मी कानात फाया घातला, की बया पाण्याचा तांब्या घिऊन शेजारी बसती!